चिरका नसलेली क्लॅरिनेट

श्रावण लागायला पंधरा दिवस असताना आप्पांचे वरचे पुढचे तीन दात काढावे लागले आणि सुरतेतल्या आमच्या भेस्तानच्या गल्लीत प्रश्न उभा राहिला की कानबाईला आता वाजवणार कोण.

आप्पा म्हणजे चिंधा आप्पा, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आमच्याच घरात राहतात. त्यांनी बत्तीस वर्षं लूमवर काढली आणि बत्तीस वर्षं धाग्याला गाठ मारून उरलेलं टोक दातानं तोडलं. कात्री हातभर अंतरावर टांगलेली असायची. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आरशात दातावरची खाच दाखवली आणि सुतानं पडली असेल म्हणाल्या, तेव्हा आप्पांनी त्यांना दुरुस्त केलं. सुतानं एवढी खोल खाच पडत नाही, ही पॉलिस्टरची आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. बाईंनी तरीही दात काढले. हिरड्या भरून कवळी बसायला दोन महिने लागणार होते आणि कानबाई तेवीस दिवसांवर आली होती.

क्लॅरिनेट वाजवताना वरचे दात तोटीवर टेकवावे लागतात आणि खालचा ओठ रीडखाली, म्हणजे तोटीला बांधलेल्या वेताच्या पातळ पट्टीखाली, धरावा लागतो. दात नसले की तोटी तोंडात हलते. आप्पांनी दोन दिवस हिरड्यांवर तोटी धरून पाहिली. नुसती फुस्स हवा निघाली आणि मग थोडं रक्त आलं. तेव्हा आईनं क्लॅरिनेट पेटीत घालून पेटी कपाटावर ठेवली.

कानबाई म्हणजे आम्हा खानदेशातून आलेल्यांची देवी, बायका तिला माय म्हणतात. ती नागपंचमीनंतरच्या रविवारी गल्लीतल्या सरलाबाईंच्या घरी बसते. रात्रभर बायका गाणी म्हणतात. सोमवारी दुपारी सरलाबाई कानबाईचा पाट डोक्यावर घेऊन उठतात आणि मिरवणूक विसर्जनासाठी पाण्याकडे निघते. उठायची वेळ ठरलेली नसते. आप्पा वाजवत असतात, बायका फुगड्या घालत असतात आणि एका क्षणी सरलाबाईंना कळतं की आता माय निघाली. कसं कळतं ते त्या सांगत नाहीत आणि कुणी विचारतही नाही. हे सव्वीस वर्षं चाललं आहे, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीपासून.

आमच्या मंडळाचे अध्यक्ष हेमराज सफरचंदं घेऊन आप्पांना भेटायला आले. त्यांचं पर्वत पाटिया भागात साड्यांच्या पॅकिंगचं काम आहे. जन्म सुरतेतलाच, त्यामुळे घरात अहिराणी बोलतात, बाहेर गुजराती बोलतात आणि अडचणीचं काही सांगायचं असलं की दोन्हींच्या मधलं काहीतरी बोलतात. त्या दिवशी ते मधलंच बोलत होते. सारांश असा होता की कामरेजचा एक डीजे ओळखीचा आहे, या वर्षी त्याला बोलावू, आणि आप्पांचा मात्र शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू.

सत्कार म्हटल्यावर आप्पांचा चेहरा उतरला. तीन वर्षांपूर्वी ढोल वाजवणाऱ्या गोपाळकाकांचा असाच सत्कार झाला होता. तेव्हापासून ते मिरवणुकीच्या दिवशी ओट्यावर बसून असतात. शाल मात्र चांगली आहे, थंडीत वापरतात.

हेमराज गेल्यावर आप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, “मना दात गयात पोरी, दम नही गया.”

हे वाक्य मी फार शब्दशः घेतलं. मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं आहे आणि आता एका डाइंग मिलच्या लॅबमध्ये रंगाची छटा मशीनवर मोजते. माणूस काहीतरी म्हणाला की त्यातली मोजता येणारी राशी शोधायची, ही मला लागलेली सवय आहे. इथे ती राशी होती फुंकेचा दाब. दात फक्त तोटी स्थिर धरतात. रीड आणि नळी कॉम्प्युटरमध्ये असतील तर तोटी लागणारच नाही. आप्पांनी एका रबरी नळीत फुंकावं, दाब मोजणाऱ्या सेन्सरनं तो आकडा लॅपटॉपला द्यावा, आणि त्या दाबानं खरी क्लॅरिनेट कशी वाजली असती ते लॅपटॉपनं गणितानं काढून स्पीकरवर वाजवावं. बोटं त्यांच्याच क्लॅरिनेटवर फिरतील. भोकांच्या कडेनं तांब्याची पट्टी चिकटवली की कुठलं भोक झाकलंय ते कळतं.

आईला वाटलं की मी रेकॉर्डिंग लावणार आहे. रेकॉर्डिंग नाही, हे तिला समजावताना माझी बरीच दमछाक झाली. रेकॉर्डिंगमध्ये आवाज आधीच ठरलेला असतो, तुम्ही कितीही जोरात फुंका, तोच येणार. मला आवाज साठवायचाच नव्हता, वाद्य बनवायचं होतं. फुंकेचा दाब रीडच्या फटीतून नळीत शिरतो, नळीच्या टोकापर्यंत जातो, तिथे उलटा होऊन परत येतो, रीडला ढकलतो, आणि रीड त्याला पुन्हा आत पाठवते. साठ सेंटिमीटरच्या नळीत एका बाजूला जायला पावणेदोन मिलिसेकंद लागतात. कॉम्प्युटरच्या हिशोबात ती सत्त्याहत्तर आकड्यांची रांग. एक रांग जायला, एक यायला. बाकी सगळं म्हणजे रांगेच्या दोन टोकांना काय होतं एवढंच.

आई म्हणाली की तिला काही समजलं नाही. आप्पा मात्र सफरचंदाचा कीस चमच्यानं खात होते ते थांबले.

“म्हंजे धोटाच शे ना,” ते म्हणाले.

मी विचार केला आणि त्यांचं बरोबर होतं. लूमवर धोटा इकडून तिकडे जातो आणि परत येतो. टोकाला आला की पिकर नावाचा चामड्याचा ठोकळा त्याला दणका देऊन परत पाठवतो. माझा दाब म्हणजे धोटा आणि रीड म्हणजे पिकर. दोन वर्षं प्राध्यापकांनी जे फळ्यावर शिकवलं ते आप्पांनी कीस खाता खाता चार शब्दांत उरकलं. एवढ्यानं ते थांबले नाहीत. पिकर ढिला असेल तर धोटा भलतीकडेच उडतो, त्याकडे लक्ष ठेव, असंही त्यांनी मला बजावलं. मी मान डोलावली आणि विसरून गेले.

बाकी त्यांनी काही विचारलं नाही. फक्त एक अट घातली.

“मले चिरका नको.”

चिरका काय हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, पण त्याबद्दल आप्पांसमोर बोलत नाहीत. कानबाईच्या गाण्यात खालच्या सुरांवरून एकदम वरच्या सुरांवर उडी आहे. तिथे अंगठ्याची चावी उघडायची असते. त्या उडीवर आप्पांची क्लॅरिनेट एकदा चिरकते, मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तशी. पहिल्याच वर्षी त्या चावीखालची गादी पडली होती आणि आप्पांनी तिथे जुन्या पिकरच्या चामड्याचा तुकडा कापून बसवला होता. चिरक्याचा सगळा दोष ते या तुकड्याला देत. घरी वाजवताना चिरका कधी येत नसे, फक्त मिरवणुकीत येई. आप्पांच्या मते श्रावणातल्या दमट हवेत चामडं फुगत असे. मला हे कारण पटण्यासारखं वाटलं. घरातही श्रावणच असतो, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

पहिल्या आठवड्यात लॅपटॉपवरच्या या मॉडेलमधून बिघडलेल्या कुकरसारखा आवाज येत होता. आईनं दोनदा गॅस बंद केला. मग लक्षात आलं की नळीच्या उघड्या टोकाशी दाब उलटा करायचं उणे चिन्ह मी लिहिलंच नव्हतं. ते घातल्यावर आवाज खाली उतरला, गोल झाला, आणि अकराव्या दिवशी आप्पांनी नळीत फुंकलं तेव्हा स्वयंपाकघरातून आईनं विचारलं की दात आले का.

आप्पा त्या दिवशी दोन तास वाजवत बसले. जोरात फुंकलं की आवाज नुसता मोठा होत नव्हता, धारदारही होत होता. हळू फुंकलं की विझत विझत जात होता. खोलीत कान बसू नयेत म्हणून मी फुंकेच्या दाबाला वरची एक मर्यादा घालून ठेवली होती. आप्पांनी वरच्या सुरांवर उडी मारली. चिरका आला नाही. पुन्हा मारली. आला नाही. त्यांनी ती उडी चाळीसेक वेळा मारली असेल. मग डोळे पुसले आणि सेन्सर गरम होतो का असं विचारलं.

कानबाईच्या आदल्या बुधवारी सरलाबाईंच्या ओट्यावर तालीम झाली. हेमराज आले होते आणि त्यांनी डीजेला अजून नाही म्हटलेलं नाही हे सर्वांना सांगितलं. सरलाबाई रिकामा पाट मांडीवर घेऊन बसल्या. आप्पांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलं. मी आतापर्यंत ऐकलेलं ते सर्वांत स्वच्छ वादन होतं. संपल्यावर बायका गप्प होत्या. मला वाटलं, भारावल्या आहेत.

सरलाबाई बसूनच होत्या. आप्पांनी पुन्हा वाजवलं. त्या बसूनच. तिसऱ्यांदा वाजवून झाल्यावर त्यांनी पाट खाली ठेवला.

“गोड वाजाडं भाऊ,” त्या म्हणाल्या. “पन माय उठत नही.”

हेमराज हळहळले आणि त्यांनी लगेच खिशातून फोन काढला. मिरवणुकीला आता कमीजास्त नको, डीजे मागे उभा राहील, दुपारी चारपर्यंत माय उठली नाही तर डीजे लावायचा आणि तिथेच सत्कार उरकून घ्यायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं. शाल त्यांनी आणूनही ठेवली होती. आप्पांनी नळी गुंडाळली. 

देवी उठत नाही, हे निरीक्षण आहे. त्याचं कारण शोधता येतं. मी आधीच्या चार वर्षांच्या मिरवणुकींचे व्हिडिओ मागवले. ते प्रत्येकाच्या फोनमध्ये होतेच. दर वर्षी सरलाबाई उठतात तो क्षण मी शोधला आणि त्याआधीचं एक मिनिट नीट ऐकलं. चारही वर्षी उठण्याच्या आधी चिरका होता. अंतर अनुक्रमे दोन पूर्णांक एक, एक पूर्णांक आठ, दोन पूर्णांक सहा आणि एक पूर्णांक नऊ सेकंद.

चार नमुने थोडे असतात, म्हणून मी गुरुवारी फोन घेऊन सरलाबाईंकडे गेले. त्या कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी सुपात गहू निवडत बसल्या होत्या. मी मागच्या वर्षीचं गाणं चिरका कापून लावलं. त्या निवडत राहिल्या. मग न कापलेलं लावलं. चिरका आला आणि सरलाबाई सूप घेऊन उभ्या राहिल्या.

का उठलात, असं मी विचारलं. त्यांनी सुपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पायाला मुंग्या आल्या होत्या म्हणाल्या.

आता मला दोन गोष्टी करायच्या होत्या. पहिली म्हणजे मॉडेलमध्ये चिरका आणायचा. मी त्या चावीपाशी एक बारीक गळती लिहिली, चामड्याच्या तुकड्याएवढी. मॉडेल फुसफुसलं, पण चिरकलं नाही. गळती मोठी केली, लहान केली, जागा बदलली. फुसफुसण्यापलीकडे काही होईना. शेवटी जी गोष्ट करायची मला लाज वाटत होती ती मी केली. मागच्या वर्षीच्या व्हिडिओतून चिरका कापून घेतला आणि स्पेसबारला जोडला. म्हणजे अखेर रेकॉर्डिंगच.

दुसरी गोष्ट आप्पांना सांगायची होती. मी सगळं सांगितलं. व्हिडिओ, सेकंद, सूप, मुंग्या. सव्वीस वर्षं ज्याची लाज वाटली त्याचीच सगळी गल्ली वाट बघत असते, हे ऐकून त्यांना बरं वाटेल असा माझा अंदाज होता. आप्पा बराच वेळ पेटीवरची धूळ पुसत बसले. मग त्यांनी एवढंच विचारलं की बाईला हे माहीत आहे का. नाही, मी म्हटलं. मुंग्याच म्हणतात.

“मंग एकदाव बिनाचिरकानं वाजाडू दे मले,” ते म्हणाले. “मंग शाल देवोत नाहीतर काहीबी देवोत.”

मी त्यांना शब्द दिला. त्यांनी त्यावर न थांबता इन्सुलेशन टेपचं बंडल आणलं आणि स्पेसबारवर स्वतःच्या हातानं तीन पट्ट्या मारल्या. माझ्यावर विश्वास आहे, पण टेप असलेला बरा, असं ते म्हणाले.

सोमवारी दुपारी भुरभुर पाऊस होता. एका लारीवर, म्हणजे हातगाडीवर, बॅटरी, दोन स्पीकर आणि लॅपटॉप, आणि शेजारी मी छत्री धरून. छत्री मोठी होती आणि वारा होता, त्यामुळे दोन्ही हातांनी धरावी लागत होती. आप्पा लारीला टेकून नळी तोंडात धरून उभे होते, हातात तांब्याच्या पट्ट्या लावलेली क्लॅरिनेट. दुरून पाहणाऱ्याला वाटलं असतं की आजोबांना सलाईन लावलंय आणि ते मिरवणूक सोडायला तयार नाहीत. पंचवीस पावलांवर डीजेची गाडी उभी होती. गोपाळकाका ओट्यावर बसले होते.

आप्पांनी वाजवायला सुरुवात केली. स्वच्छ, गोल, एकही सूर घसरला नाही. बायका फुगड्या घालू लागल्या. सरलाबाई कानबाईचा पाट समोर घेऊन डोळे मिटून बसल्या होत्या. वरच्या सुरांवरची उडी आली आणि गेली. सरलाबाई हलल्या नाहीत. गाणं पुन्हा सुरू झालं. उडी आली, गेली. फुगड्या घालणाऱ्या दमून बसल्या, दुसऱ्या उठल्या. पावणेचार झाले. हेमराजांनी पिशवीतून शाल काढून खांद्यावर टाकली, म्हणजे हात मोकळे राहतील. डीजेवाल्या मुलानं सवयीनं एकदा बास लावून पाहिला आणि आमच्या लारीवरचा स्पीकर त्याच्या धक्क्यानं थरथरला.

आप्पांना तो बास बहुतेक लागला. त्यांनी नळी तोंडातून काढून मला ओरडून सांगितलं की आवाज कमी पडतोय, वाढव. मी छत्री काखेत धरली, टेप न काढता लॅपटॉपवर पाहिलं आणि फुंकेच्या दाबावर घातलेली ती वरची मर्यादा काढून टाकली. खोलीसाठी घातली होती, रस्त्यावर तिची गरज नव्हती. मग पुन्हा छत्री दोन्ही हातांनी धरली.

आप्पांनी छाती भरून घेतली. डोळे हेमराजांच्या खांद्यावरच्या शालीवर होते. खालचे सूर त्यांनी असे फुंकले की समोरच्या घरातला कुत्रा आत गेला. मग अंगठ्याची चावी, वरची उडी.

आणि चिरका.

व्हिडिओतल्यापेक्षा मोठा, दोन स्पीकरमधून, लांबलचक. आप्पा नळी तोंडात तशीच धरून माझ्याकडे वळले. त्यांच्यामागे सरलाबाई पाट डोक्यावर घेऊन उभ्या राहिल्या होत्या. मी मनात मोजलं, साधारण दोन सेकंद. बायकांचा एकच गलका झाला आणि मिरवणूक चालू पडली.

“तूच दाबं ना?” आप्पा म्हणाले.

“माझे दोन्ही हात छत्रीवर आहेत, आप्पा.”

त्यांनी हात पाहिले. मग वाकून स्पेसबारवरच्या तीन पट्ट्या पाहिल्या. टेप जागच्या जागी होता. कळायला मलाही तेवढाच वेळ लागला. त्या लॅपटॉपमध्ये चामड्याचा तुकडा नव्हता, दमट हवा नव्हती. होती ती फक्त एक रीड, सत्त्याहत्तर आकड्यांच्या दोन रांगा आणि आप्पांची फुंक. एवढ्या जोराच्या फुंकेला रीड आवरत नाही, भलत्याच वेगानं थरथरते. मी मर्यादा घातली होती तोवर ती फुंक आत पोचतच नव्हती. घरात आप्पा घरातल्यासारखं वाजवतात आणि कानबाईपुढे कानबाईपुढच्यासारखं. पिकर ढिला पडला की धोटा उडतो, हे त्यांनी मला सांगितलंही होतं.

मी त्यांना एवढं काही सांगितलं नाही. लारी ढकलायची होती. पण आप्पांना समजलेलं होतं.

“मंग तो मनाच,” ते म्हणाले, आणि तीन दात नसलेल्या तोंडानं इतके हसले की नळी खाली पडली.

पुढच्या चौकात त्यांनी चिरका मुद्दाम मारला. त्याच्या पुढच्या चौकात दोनदा. पाण्यापर्यंत जाईतो मी मोजायचं सोडून दिलं. वाटेत पावसानं जोर धरला, छत्री उलटी झाली आणि लॅपटॉप भिजायला लागला, तेव्हा हेमराज धावत आले आणि त्यांनी खांद्यावरची शाल काढून लॅपटॉपवर घातली. कोपरे आत खोचून नीट बसवली. डीजेची गाडी मागच्या मागे कधी वळली ते मी पाहिलं नाही. गोपाळकाका मात्र ओट्यावरून उतरून आमच्याबरोबर चालत होते आणि लारीच्या फळीवर दोन्ही हातांनी ताल धरत होते.

संध्याकाळी घरी आल्यावर आप्पांनी क्लॅरिनेटवरच्या तांब्याच्या पट्ट्या सोडवल्या. मग अंगठ्याच्या चावीखालचा चामड्याचा तुकडा नखानं काढला आणि तळहातावर घेऊन दिव्याखाली धरला. काळा पडलेला, तुरीच्या दाण्याएवढा.

“सव्वीस वरीस तुले बोलनू,” ते त्याला म्हणाले.

मग त्यांनी तो शर्टाला पुसला, पुन्हा चावीखाली बसवला, अंगठ्यानं दाबून पाहिला आणि पेटी बंद केली.